काठाखालची बोटभर जागा

सुमनचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "मंगल, गुरुजी गेले गं," ती म्हणाली. "काल सकाळी. अंघोळ करून ओट्यावर उन्हाला बसले होते, बसल्या बसल्याच…" दूध उतू गेलं, शेगडी विझली, गॅसचा वास सुटला तेव्हा कुठं मी बटण फिरवलं. "आता तरी येशील का?" सुमननं विचारलं. त्या 'आता तरी'मध्ये किती वर्षांचा राग साठलेला होता ते मला नेमकं ठाऊक होतं. मी म्हणाले, "बघते." माणूस गेलं, आणि मी म्हणते बघते! फोन ठेवल्यावर मीच माझ्या थोबाडीत मारून घ्यायचं तेवढं बाकी राहिलं होतं.

साबळे गुरुजींना जाऊन आज सव्वा महिना होईल. ते काही मोठं प्रस्थ नव्हतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, निवृत्त झाले, नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात डोंगरात भाताच्या खाचराशेजारी घर बांधून राहिले, एवढीच त्यांची हकिकत. पण मला त्यांच्याबद्दल लिहायलाच हवं. एक गोष्ट मी पन्नास वर्षं कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. ती आज नाही सांगितली तर मग कधी सांगणार?

देवळाली प्रवरेच्या अलीकडं, कालव्याला लागून आमचं गाव. सगळीकडं ऊस. शाळा चौथीपर्यंत, दोन खोल्यांची, पुढं एक लिंबाचं झाड. मी तिसरीत गेले त्या जूनमध्ये साबळे गुरुजी आले. आले ते लंगडत. डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं खाल्लेली. बर्फ बोटं खातो हे ऐकून आम्ही पोरं आठ दिवस हैराण होतो, कारण आम्ही बर्फ पाहिला होता तो फक्त जत्रेतल्या रंगीत गोळ्याचा. गुरुजी आधी लष्करात होते, बिनतारी यंत्रावर. बासष्टच्या लढाईत चिन्यांच्या हाती सापडले, अख्खा हिवाळा तिकडं तिबेटात कैदेत काढला, सुटून आले आणि पायामुळं लष्कर सोडावं लागलं. मग शिकून मास्तर झाले. बरोबर म्हातारी आई होती. लग्न तोवर झालेलं नव्हतं. गावानं महिनाभरात नाव पाडलं, चिनी गुरुजी. गुरुजींना ते माहीत होतं. ते फक्त हसायचे.

एका शनिवारी, सकाळच्या शाळेत, शेवटच्या तासाला आमच्यातल्या कुणीतरी धीर करून विचारलं, "गुरुजी, तुमाला चिन्यांनी लई मारलं का?" गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. म्हणाले, मारलं नाही म्हणता येणार नाही, पण मला आठवतो तो एक म्हातारा आचारी. पार दक्षिणेकडच्या, समुद्राकाठच्या कुठल्याशा गावचा होता. माझा पाय सुजून काळा पडलेला, मी कोपऱ्यात पडलेलो, दोन दिवस कुणाशी बोललो नव्हतो. त्यानं चहाचा एक बिनकानाचा पेला आणला, माझ्यासमोर गुडघे टेकून बसला आणि पेला दोन्ही हातांनी पुढं केला… आपण देवळात प्रसाद घेतो ना, तसे दोन्ही हात. "मग? वैरीच की तो!" पोरांनी गलका केला. गुरुजी म्हणाले, "व्हय, वैरीच. बंदुका त्याच्याच माणसांच्या हातात होत्या. पण चहा देताना त्यानं मला माणूस धरलं. मला वाटलं, मी अजून आहे."

त्या म्हाताऱ्यानं त्यांना हिवाळाभर खुणांनी चहाची रीत शिकवली आणि ती गुरुजींनी आम्हाला शिकवायला घेतली. कुंभारआळीतून बोळकी आणली, भातुकलीत असतात त्यातली जरा मोठी. किटली शाळेचीच होती, ॲल्युमिनियमची, पोचे आलेली. दर शनिवारी शेवटच्या तासाला लिंबाखाली गोल करून बसायचं. आधी सगळी बोळकी गरम पाण्यानं विसळायची. किटलीची चोच कुणाच्याही तोंडाकडं करायची नाही, तो अपमान. ओतणाऱ्यानं स्वतःला सगळ्यात शेवटी घ्यायचं. देताना दोन हात, घेताना दोन हात. घोट तीन, फुर्रर्र न करता! हे फुर्रर्र न करणं आम्हाला सगळ्यात जड गेलं, कारण बशीतला चहा आवाज न करता पिणारा माणूस आमच्या गावात जन्मलाच नव्हता. चहा बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा. "गुरुजी, ह्यो तर काढा हाय," एक जण म्हणाला. "निदान गुळाचा खडा तरी टाका," दुसरा. भोवती चहूबाजूंनी ऊस आणि आम्ही कडू पाणी पितोय, म्हणून आमचं आम्हालाच हसू येऊन पुरेवाट व्हायची.

दोन गोष्टी मात्र आमच्या अंगात मुरल्या. पहिली, बोटांची. कुणी आपल्या बोळक्यात चहा ओतला की तोंडानं काही बोलायचं नाही, उजव्या हाताची दोन बोटं वाकवून जमिनीवर हळूच टकटक करायची. म्हणजे 'तुमचे उपकार झाले.' दुसरी, जागेची. बोळकं काठोकाठ भरायचं नाही. काठाखाली बोटभर जागा मोकळी ठेवायची. बिनकानाचं भांडं, भरून दिलं तर पाहुण्याची बोटं भाजतात. "वरची बोटभर जागा पाहुण्याच्या मानाची," गुरुजी म्हणायचे. "आणि कुणी काठोकाठ भरून दिलं तर समजायचं, घरधनी सांगतोय… पाव्हणं, आता उठा." आमच्या दृष्टीनं हे आक्रीतच होतं. आमच्याकडं कप भरून बशीत सांडला नाही तर पाहुणा गावभर सांगत सुटायचा की अमक्याच्या घरी अर्धाच कप मिळाला.

गुरुजींची आई तर आमच्याही वरताण. शाळेमागच्याच खोलीत ते राहायचे. आम्ही वह्या पोचवायला गेलो की म्हातारी गुरुजींना चहा द्यायची तो असा, की कप भरलेला, बशीही भरलेली आणि वर तिच्या लुगड्यावर चार थेंब. एकदा आम्ही पोरं टाळ्या पिटत ओरडलो, "गुरुजी, गुरुजी, आजीनं तुमाला 'उठा' म्हनलं!" गुरुजी ठसका लागेपर्यंत हसले. "अरे, आईचं निराळं…" असं काहीतरी ते म्हणू लागले, तेवढ्यात दुसऱ्या गुरुजींनी घंटा दिली आणि आम्ही पळालो. ते वाक्य मी त्या दिवशी पुरतं ऐकून घेतलं असतं तर पुढची पन्नास वर्षं निराळी गेली असती.

आता सुमनचं सांगते. सुमन माझ्याच वर्गात, बौद्धवाड्यातली. तिचे वडील आमच्याच शेतात सालगडी होते. गावातल्या हॉटेलात त्यांचा कप वेगळा, बाहेर खिळ्याला टांगलेला, ज्याचा त्यानं विसळून ठेवायचा. हे मी लहानपणी रोज पाहिलं आणि मला त्यात कधी काही खटकलं नाही, हे लिहिताना आज लाज वाटते. तर चहाच्या गोलात दर शनिवारी ओतायची पाळी बदलायची. हजेरीच्या क्रमानं एके शनिवारी पाळी सुमनवर आली. ती उठेचना. मान खाली घालून मातीत रेघोट्या ओढत बसली. गुरुजींनी किटली उचलली, तिच्यासमोर बसले, दुखरा पाय लांब करून, आणि दोन्ही हातांनी किटली तिच्यापुढं धरली. काही बोलले नाहीत. सुमन उठली. तिनं सगळ्यांना ओतलं, बोटभर जागा ठेवून, एक थेंब न सांडता. आम्ही सगळ्यांनी बोटं टकटकवली, मीही. शाळा सुटताना गुरुजींनी आम्हाला दारात थांबवलं. म्हणाले, "पोरांनो, आज कुणी ओतलं ते घरी सांगू नका. माझ्यासाठी एवढं करा." का ते आम्ही विचारलं नाही. ते न सांगता कळण्याइतकी आम्ही सगळीच मोठी होतो.

आणि मग एकाहत्तरचा डिसेंबर आला, लढाई लागली. नगरला लष्कराचा तळ, त्यामुळं आमच्याकडं जरा जास्तच धास्ती. दिवे झाका, बाहेर विडी ओढू नका, अनोळखी माणूस दिसला की कळवा, अशी दवंडी फिरलेली. रेडिओ चावडीपुढं आणून ठेवलेला. पाकिस्तानशी चाललंयच, आता वरून चीनही उतरतो की काय, जो तो हीच चर्चा करत होता. अशात एका दुपारी आमच्या घरी आईनं मला चहा दिला आणि मी सवयीनं भुईवर दोन बोटं वाजवली. टकटक. माझे वडील, अण्णा, समोर बसून पान लावत होते. ते शाळा कमिटीत होते आणि गावात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "ह्ये काय गं?" मी फुशारकीनं सांगितलं, "चिन्यांची खून हाय. गुरुजींनी शिकवलीया. आमच्या वर्गात समद्यांना येती."

अण्णांचा चेहरा मला अजून दिसतो. गुरुजी बिनतारीवर होते हे गावाला माहीत होतं. बिनतारी म्हणजे टकटक. चिन्यांकडं सहा महिने राहून आलेला माणूस, लढाईच्या दिवसांत पोरांना चिन्यांची टकटक शिकवतोय… अण्णांना दुसरं काही जोडायची गरजच उरली नाही. आज हसू येतं, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावातून तालुक्याला गुरुजींविरुद्ध अर्ज गेला. पहिली सही अण्णांची होती.

त्यानंतरचे चार दिवस मी नीट जेवले नाही. शाळेत गुरुजी पाढे म्हणून घ्यायचे, कविता शिकवायचे, सगळं तसंच, पण मधेच दाराकडं बघायचे. चार-दोन घरांनी पोरं पाठवायचं बंद केलं होतं. गुरुजींच्या आईशी विहिरीवर बायका बोलेनात. एकदा वाटलं, जाऊन सांगावं, गुरुजी, माझ्या तोंडून गेलं. त्यांच्या टेबलापर्यंत गेले आणि "पानी पिऊन येऊ का?" विचारून परत आले.

शनिवारीच साहेब आले. तालुक्याहून जीपनं आले, बरोबर एक लिहून घेणारा माणूस. साहेब वाईट नव्हते, उगाच कुणाला वाईट म्हणू नये. पण त्यांना काहीतरी लिहून न्यायचं होतं. लिंबाखाली खुर्च्या मांडल्या. एकीवर साहेब, शेजारी अण्णा, मागं कमिटीतले दोघे. गुरुजींना भिंतीशी उभं केलं होतं. पोरांच्या देखत गुरुजींना उभं केलं होतं हो… आणि त्यांनी तो दुखरा पाय जरा उचलून धरला होता. साहेब आम्हाला म्हणाले, "घाबरू नका. रोज करता तसं करून दाखवा. आज ओतायची पाळी कुणाची?"

पाळी सुमनची होती, दुसऱ्यांदा आली होती. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, सुमन अर्धी उठली होती. तिला वाटलं असणार, साहेबानं विचारलंय, खरं सांगितलं पाहिजे. तिनं किटली उचलली असती, साहेबाला ओतलं असतं, अण्णांना ओतलं असतं… आणि उद्यापासून तिचे वडील आमच्या शेतात नसते, तीही शाळेत नसती. हे सगळं मला तेव्हा इतकं सरळ कळलं होतं की काय, सांगता येत नाही. मला इतकंच कळलं की सुमन उठता कामा नये. मी उठले. म्हणाले, "माझी." आयुष्यातलं माझं पहिलं ठरवून बोललेलं खोटं ते.

बोळकी विसळली. साहेबांचं बोळकं पुढं घेतलं, ओतायला लागले, बोटभर जागा राहिली… आणि मी थांबले नाही. काठोकाठ भरलं. मुद्दाम. उठा, आमच्या शाळेतून उठा, जीपमध्ये बसा आणि जा. एवढंच मला साहेबाला सांगता येत होतं. भरलेलं बोळकं दोन्ही हातांनी पुढं केलं. साहेबांची बोटं भाजली, ते "हाऽऽ" करून हसले आणि अण्णांना म्हणाले, "वा! भरून दिला हो तुमच्या मुलीनं. घरचं वळण दिसतंय." अण्णांच्या मिशीखाली हसू आलं. मी गुरुजींकडं बघितलं. त्यांना ते कळलं होतं. तिथल्या मोठ्या माणसांत त्यांना एकट्यालाच कळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी हललं आणि त्यांनी मान खाली घातली.

साहेबांनी टकटक करून दाखवायला लावली, दोनदा. लिहून घेणाऱ्यानं लिहिलं. मग साहेबांनी बोळकं खाली ठेवलं आणि मलाच विचारलं, गोड आवाजात, "बाळ, गुरुजी कधी म्हणाले का, की हे घरी सांगू नका?"

मी काय सांगू? म्हणाले तर होतेच. एक खोटं बोलून झालं होतं, दुसऱ्याला तोंड उघडेना. "व्हय," मी म्हणाले.

साहेब पुढं वाकले. "काय सांगू नका म्हणाले?" माझ्यासमोर अण्णा. डाव्या हाताला सुमन, तिचा परकर मातीत, हाताच्या मुठी आवळलेल्या. सांगितलं तर गुरुजी सुटत होते, सुमन अडकत होती. नाही सांगितलं तर… मी अण्णांकडं बघत राहिले आणि तोंड मिटून घेतलं. साहेबांनी तीनदा विचारलं. अण्णा एकदा खेकसले, "बोल की गं!" मी बोलले नाही. शेवटी साहेबांनी भिंतीकडं मान वळवली, "गुरुजी, तुम्हीच सांगा." मला वाटलं, आता सांगतील, त्यांना काय, मोठं माणूस आहे, दोन वाक्यांत मोकळं होता येईल. गुरुजी म्हणाले, "सांगण्यासारखं काही नाही साहेब. माझीच चूक झाली." आणि कागदावर सही केली.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला, अकोल्याकडं, डोंगरात. तोवर लढाई संपली होती, चीन काही उतरला नव्हता, पण कागद निघाला तो निघालाच. जायच्या दिवशी गुरुजींनी आम्हाला शेवटचं लिंबाखाली बसवलं. कुणाची पाळी नाही, त्या दिवशी ते स्वतः ओतत होते. आईची ट्रंक आणि दोन बोचकी दाराशी बांधून ठेवलेली. एकेकासमोर बसायचे, ओतायचे, डोक्यावर हात ठेवायचे. सगळ्यांच्या बोळक्यांत काठाखाली बोटभर जागा. मी मोजत होते. सुमनसमोर मात्र ओतलं नाही. किटली तिच्या हातात दिली आणि आपलं बोळकं तिच्यापुढं धरलं. मग माझ्यासमोर आले. ओतायला लागले. बोटभर जागा राहिली… आणि ते थांबले नाहीत. काठोकाठ भरलं. चहा काठावर फुगून थरथरत उभा राहिला आणि एक ओघळ माझ्या परकरावर आला.

पाव्हणं, आता उठा.

मी उठले. बोळकं तसंच टाकून पळत सुटले, ती कालव्यापर्यंत. मागून त्यांनी "मंगल, अगं मंगल!" अशा दोन हाका मारल्या. मी वळून बघितलं नाही.

त्यानंतर मी त्यांना भेटले नाही. मीही पुढं शिक्षिका झाले, नगरला राहिले, लेकरंबाळं झाली. गावातला तो खिळ्याचा कप गेला, हॉटेलही गेलं. अण्णा जाताना एकदा म्हणाले होते, "त्या मास्तराच्या बाबतीत चुकलंच जरा माझं." एवढं म्हणायलाही त्यांना जन्म गेला. सुमन नर्स झाली आणि दर दिवाळीला गुरुजींकडं जायची. आल्यावर दरवेळी मला सांगायची, "तुझी आठवण काढतात. म्हणाले, मंगलला सांग, एकदा चहाला ये." मला वाटायचं, चांगला माणूस आहे, दुसऱ्याच्या तोंडी कशाला कडू निरोप देईल! खरं काय ते त्यांनी मला किटलीनं सांगितलेलं होतं. एकदा तर संगमनेरच्या स्टँडवर मी त्यांना पाहिलं. पिशवी घेऊन, लंगडत, राजूरच्या गाडीकडं चालले होते, केस पांढरे झालेले. मी हातातली छत्री उघडून तोंडापुढं धरली. पाऊस नव्हता, काही नव्हतं. भर उन्हात छत्रीमागं उभी राहिले, गाडी जाईपर्यंत. पन्नाशीची बाई!

सुमनच मला शेवटी घेऊन गेली. तेराव्यानंतर, गर्दी सरल्यावर. गुरुजींचं घर लहान आहे, पुढं ओटा, खाली खाचरं. गुरुजींच्या पत्नीला मी पहिल्यांदाच बघत होते. तिकडचीच बाई, बारीक, कपाळ मोकळं झालेलं. "या, बसा," म्हणाल्या. आत जाऊन चहा घेऊन आल्या, दुधाचा, साखरेचा, कपबशीतला. माझ्या हातात कप दिला, दोन्ही हातांनी. मी बघितलं. काठाखाली बोटभर जागा, नेमकी. माझे डोळे भरून आले. मग त्यांनी सुमनला दिला. तो काठोकाठ होता. बशीतही सांडलेला. सुमननं बशी तोंडाला लावली आणि फुर्रर्र करून ओढली.

मला राहवेना. म्हटलं, "काकू, सुमनला असा भरून दिलात?"

"असू द्या की," त्या म्हणाल्या. "सुमन घरची हाय. तुमी पाव्हन्या, पयल्यांदा आल्या. यांची रीतच हुती तशी. पाव्हन्याला बोटभर कमी, त्यो चीनच्या आचाऱ्याचा मान. आन घरच्याला काठोकाठ, ती आईची पद्धत. मला लग्न करून आनली तवा पयल्या दिवशी बोटभर कमी दिला आन दुसऱ्या दिवसापास्नं भरून. म्हनले, आता तू घरची झालीस."

मी हातातला कप खाली ठेवला. मी बोलत गेले, कसं ते मला कळलं नाही. 'व्हय' म्हणाले ते, गप्प बसले ते, परकरावरचा ओघळ, कालवा, छत्री… साहेबासमोर माझी पाळी का झाली हे सुमनला कायम ठाऊक होतं. शेवटच्या बोळक्याचं मात्र मी तिलाही कधी सांगितलं नव्हतं. काकूंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "म्हंजे ती पोर तुमीच व्हय! ते लई येळा सांगायचे. म्हनायचे, एवढी चिमुरडी, पन समोर बाप बसलेला असताना दुसऱ्या पोरीसाठी तोंड मिटून बसली. माझी नोकरी गेली असती तरी मला चाललं असतं. जाताना तिला आईवानी भरून दिला, तर ती उठून पळाली. का पळाली, ते काय मला उमगलं न्हाई…"

का पळाली ते त्यांना उमगलं नाही. त्यांनीच शिकवलेलं मी इतकं पक्कं शिकले होते, की ते आपल्या आईच्या हातानं देत होते हे मला दिसलं नाही. आणि त्यांना वाटलं, पोर आपल्यावर रागावली. दोघंही एकमेकांची माफी मागायला थांबलो होतो, एका एसटीच्या अंतरावर. ह्या मूर्खपणाला काय म्हणायचं? मी त्या ओट्यावर बसून मोठ्यानं रडले. इतक्या वर्षांचं रडले.

जरा वेळानं काकू आतून चहाचं पातेलंच घेऊन आल्या, फडक्यात धरून. माझा कप अजून तसाच होता, काठाखाली बोटभर जागा ठेवलेला, निवलेला. मी तो दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढं धरला. काही मागितलं नाही. त्यांनी ओतलं. बोटभर जागा भरली, काठ भरला, बशी भरली, माझ्या साडीवर ओघळ आला. मी फरशीवर दोन बोटं वाजवली.

आणि या वेळी मी उठले नाही.